शिलेदार नको, बारगीर चालेल

आपल्या इंदूरच्या मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘आमचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते.’ काहींच्या तर आडनावातच घोडा आहे. पागनीस म्हणजे पागेचा हिशेब लिहिणारा, शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा. देव्हाऱ्यातला खंडोबा घोड्यावर. गॅदरिंगमध्ये वर्षाआड एक झाशीची राणी पाठीला बाहुली बांधून येते आणि आपण सगळे कौतुकाने टाळ्या वाजवतो. पण याच घरातली बारा-तेरा वर्षांची मुलगी जेव्हा ‘मला खरोखरच घोड्यावर बसायला शिकायचंय’ म्हणते, तेव्हा मात्र घोडे पेंड खाते.

अशी मुले-मुली प्रत्येक शाळेत दोन-तीन तरी असतात. त्यांच्या वहीचे शेवटचे पान उलटून पाहावे, भूमितीच्या आकृत्यांऐवजी घोड्याचे खूर सापडतात. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांचे कान आत वळून टोकांना एकमेकांना भिडतात, हे त्यांना पाठ असते; भीमथडीचा तट्टू कुठला हेही. वरातीतला घोडा दिसला की इतरांचे लक्ष नवरदेवाकडे, यांचे घोड्याच्या नालांकडे. आणि घरी? ‘खूळ आहे, जाईल’, ‘दहावी होऊ दे, मग बघू.’ दहावीनंतर बारावी असतेच.

माझे म्हणणे असे, की पालकांना घोड्यांत रस नसणे हा काही अपराध नाही. कुणाला लिदीचा वास सहन होत नाही, कुणाला नुसत्या कल्पनेने धडकी भरते. चारशे-पाचशे किलोच्या जनावराची भीती वाटणे हे शहाणपणाचेच लक्षण आहे. मुलांनीही आईबाबांना घोड्याचे वेड लागावे असा हट्ट धरू नये. रस उसना घेता येत नाही. आक्षेप आहे तो विषय हसून उडवून लावण्याला. कारण त्याचा परिणाम वेड कमी होण्यात होत नाही, मूल घरी बोलेनासे होण्यात होतो.

एक घडलेली गोष्ट सांगतो. मुलगी कुठल्या शाळेतली हे विचारू नका. फार मिनतवाऱ्या करून तिला रविवारी सकाळी शिकायला जाण्याची परवानगी मिळाली होती, ती ‘एकदा जरी लागलं तरी बंद’ या अटीवर. एका रविवारी ती पडली, डोके आपटले. टोपी होती म्हणून निभावले. तिने घरी चकार शब्द काढला नाही. सोमवारी डोके दुखत होते, मंगळवारी वर्गात उलटी झाली, तेव्हा बाईंनी खोदून विचारल्यावर कळले. डॉक्टरांकडे नेले, सुदैवाने सगळे ठीक निघाले. का सांगितले नाहीस, तर म्हणे, ‘सांगितलं असतं तर बंद केलं असतं.’

पालकहो, ही अट घालू नका. घोड्यावर बसणारा पडतोच. डोक्याला मार लागल्यावर उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी किंवा असंबद्ध बोलणे दिसले तर ताबडतोब डॉक्टर गाठावा लागतो, आणि जोराचा मार बसलेली हेल्मेट वरून चांगली दिसली तरी बदलावी लागते. हे सारे पडल्याचे घरी कळले तरच शक्य आहे. अट घालायचीच असेल तर उलटी घाला : पडलीस तर त्याच दिवशी सांगायचे, म्हणजे पुढच्या रविवारी जाता येईल.

आता पैसा. खरी अडचण बहुतेक घरांत तीच असते, पण ती बोलून दाखवायला संकोच वाटतो म्हणून ‘मुलींना शोभत नाही’ किंवा ‘अभ्यास बुडेल’ अशी कारणे पुढे येतात. मुलांना खरे कारण सांगावे. त्यांना ते कळते. घोडा ही एकदाची खरेदी नसून रोजचा खर्च आहे. तो दिवसाला वीस-तीस लिटर, उन्हाळ्यात त्याहूनही अधिक पाणी पितो. थोडे थोडे पण दिवसभर खातो. त्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोट बिघडले तर जिवावर बेतते. दर सहा-आठ आठवड्यांनी खूर तासायला नालबंद लागतो. फ्लॅटमध्ये राहून ‘मला घोडा घेऊन द्या’ म्हणणाऱ्या मुलाने हा हिशेब स्वतः कागदावर मांडून आईसमोर ठेवावा. निम्मा हट्ट तिथेच उतरेल.

पण घोडा विकत घेणे आणि घोड्यावर बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक आपल्या पूर्वजांना चांगला ठाऊक होता. शिलेदाराचा घोडा स्वतःचा. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिवाजी महाराजांच्या पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद, असे सभासद बखरीत आहे. म्हणजे पाणी आणि नाल यांचा खर्च वाटून घेण्याची व्यवस्था साडेतीनशे वर्षांपूर्वीची. आजचा रायडिंग क्लब दुसरे काय करतो? आपल्या मुलांना बारगीर होऊ द्या. आठवड्यातून एक तास, क्लबचा घोडा, क्लबचे खोगीर. हेल्मेट मात्र स्वतःची, डोक्याच्या मापाची. सतार किंवा टेनिसच्या क्लासची चौकशी करता, तशीच याची करा. फी झेपली नाही तर झेपत नाही म्हणावे. पण आधी चौकशी करावी.

आणखी वाटा आहेत. भोपाळला राज्य सरकारची घोडेस्वारी अकादमी आहे, तिथे मुलांची निवड होऊन शिक्षण मिळते. एन.सी.सी.मध्ये रिमाउंट अँड व्हेटरनरी अशी घोड्यांची शाखा आहे. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत छात्रांना घोडेस्वारी शिकवतात. आणि महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. घोड्यांवर जीव असलेल्या प्रत्येकाने शर्यतीच जिंकायला हव्यात असे थोडेच आहे? घोड्यांना डॉक्टरही लागतात.

जिंकणारेही आपल्याच गावात निघाले आहेत. २०२३ च्या हांगझाऊ आशियाई खेळांत ड्रेसाजच्या सांघिक प्रकारात भारताला सुवर्णपदक मिळाले. घोडेस्वारीतले हे सुवर्ण १९८२ च्या दिल्लीनंतर एकेचाळीस वर्षांनी आले. त्या चौघांत इंदूरची सुदीप्ती हजेला होती. युरोपात राहून सराव करणे सर्वांच्या आवाक्यातले नाही, हे मान्य. पण ‘मुलींचा खेळ नाही’ हे तरी आता म्हणू नये. ऑलिंपिकमध्ये स्त्री-पुरुष एकाच स्पर्धेत एकमेकांविरुद्ध उतरतात असे खेळ फार थोडे, त्यांतला हा एक. १९५२ साली हेलसिंकीत डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी पुरुषांच्या बरोबरीने उतरून ड्रेसाजचे रौप्यपदक मिळवले. पोलिओमुळे त्यांच्या पायांत गुडघ्याखाली शक्ती नव्हती, त्यांना घोड्यावर चढवावे लागे.

मुलांनाही दोन शब्द. ‘आमच्या घरच्यांना काही कळत नाही’ असे मैत्रिणींत सांगत फिरण्याने घोडा मिळत नाही. तबेल्यात गेलात तर फक्त रपेट मारून परत येऊ नका. खरारा करायला शिका, लीद उचला, दाणापाणी कसे देतात ते मोतद्दारकाकांना विचारा आणि त्यांना अहोजाहो करा. जी मुलगी घरी स्वतःचे ताट उचलत नाही तिला घोडा सांभाळता येईल यावर कुठल्या आईचा विश्वास बसेल? आणि दुडकी जमेपर्यंत चौखूर उधळण्याच्या गोष्टी घरी सांगू नका, आज्जीचा रक्तदाब वाढतो.

राहिला प्रश्न रस नसलेल्या आईबाबांचा. रविवारी सकाळी सोडायला-आणायला जावे लागेल, तासभर कुंपणाबाहेर बसावे लागेल. सावलीत खुर्ची टाका, पेपर न्या, थर्मासमधून चहा न्या, पोह्यांवर शेव भुरभुरून डबाही चालेल. मुलगी परतताना गाडीत घोड्याचे नाव सांगेल, तेवढे लक्षात ठेवा आणि पुढच्या शनिवारी रात्री त्या नावाने विचारा.