बुरशी सगळीच वैरी नव्हे

बुरशी म्हटली की आपला हात फवारणी पंपाकडे जातो. द्राक्षावरचा केवडा, डाळिंबाची मर सोसलेल्या माणसाला दोष तरी काय द्यायचा? पण काही बुरशा झाडाच्या सालीत, पानात, मुळात मुक्यानं राहतात, रोग करीत नाहीत. उलट औषधी झाडाच्या गुणात त्यांचाही वाटा असतो.

आपल्या सह्याद्रीतला नरक्याच घ्या. त्याच्यात कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य असते; त्यापासून कर्करोगावरची औषधे तयार होतात. हे द्रव्य १९६६ मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून प्रथम वेगळे काढले. वाणी जन्माने आपल्या नंदुरबारचे! पुढे तेच द्रव्य नरक्यात सापडले, मागणी वाढली आणि रानातल्या नरक्यावर चोरटी कुऱ्हाड चालली.

२००५ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की नरक्याच्या आतल्या सालीतली बुरशी प्रयोगशाळेत वेगळी वाढवली तरी हेच द्रव्य तयार करते. “मग साहेब, झाड तोडलं तर बिघडलं कुठं?” असं एका बैठकीत मला विचारलं गेलं. बिघडतं ते असं, की बुरशी देते ते प्रमाण अगदी थोडं. शिवाय झाडाबाहेर पुन्हा पुन्हा वाढवत गेलं की तेही घटत जातं. झाड गेलं की बुरशीचं घरच गेलं. म्हणून सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि पोलीस पाटील मंडळींना विनंती, नरक्याचा माल गाडीत भरताना दिसला तर वनरक्षकाला त्याच दिवशी कळवा.

अश्वगंधा लावणाऱ्यांसाठीही यात एक गोष्ट आहे. तिच्याच अंगातल्या काही बुरशा रोपांना परत दिल्या तेव्हा मुळातले विथॅनोलाइड वाढल्याचे प्रयोगांत दिसले आहे. आंतरप्रवाही बुरशीनाशक झाडाच्या आत शिरते, ते शत्रू-मित्र ओळखत नाही. रोपे मरू लागली तर औषध मारावेच लागेल, त्यात भिडेचे कारण नाही. पण रोग नसताना नुसत्या सवयीनं फवारू नका. आणि “गुण दुप्पट करणारी बुरशी” म्हणून कोणी बाटली विकायला आला, तर कुठल्या पिकावर, कोणत्या विद्यापीठाची शिफारस, हे कागदावर मागा.

व्यापारी मात्र अजून मुळाची जाडी-लांबी बघूनच भाव करतो. द्रव्याची तपासणी तालुक्याला होऊन त्यावर भाव ठरला, तर ही काळजी घेणाऱ्याच्या पदरात चार पैसे पडतील. ही मागणी ग्रामसभेच्या ठरावात येऊ द्या, पुढे पाठवायचं काम आमचं.