समई, पंखा आणि उद्योजकता

सार्वजनिक ग्रंथालयांनी ‘इव्हेंट’ भरवावेत, त्यांतून उद्योजक घडवावेत आणि जमल्यास स्वतःही उद्योजक व्हावे, असे आता ठरलेच आहे. ठरवणाऱ्यांपैकी वाचनालयाचे वर्गणीदार किती, हा प्रश्न गैरलागू. अशाच एका कार्यशाळेला परवा जाण्याचा योग आला. समई पेटेना म्हणून पंखे बंद झाले. प्रमुख पाहुण्यांना घाम फुटला म्हणून पंखे सुरू झाले. समई विझली. नवकल्पनेचा इतका परिपूर्ण प्रयोग पुढच्या तीन तासांत पुन्हा झाला नाही.

मग गुलाबी, पोपटी चिकट चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. ‘आपल्या संस्थेची बलस्थाने’ लिहून त्या भिंतीवर लावायच्या होत्या. भिंतीवर माजी अध्यक्षांच्या तसबिरी, त्यामुळे चिठ्ठ्या गेल्या पुस्तकांच्या काचकपाटांवर. कपाटांना अर्थातच कुलपे. (वाचनालयातली कुलपे हे आमचे जुने दुखणे, वाचकांनी सोसून घ्यावे.) ‘समृद्ध ग्रंथसंपदा’ असे लिहिलेल्या चिठ्ठीने तीन पुस्तकांची नावे झाकली होती. किल्ली ग्रंथपालांच्या खिशात आणि ग्रंथपाल चहाचे कप मोजण्यात.

खरे तर धडे त्यांच्याकडून घ्यायला हवेत. 2022 मध्ये ग्रंथालयांचे सरकारी अनुदान 60 टक्क्यांनी वाढवायचे ठरले, तेव्हा सर्वांत खालच्या ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाचे वर्षाचे 30 हजारांचे 48 हजार झाले. त्यातले निम्मे पगाराचे, म्हणजे महिन्याला दोन हजार. एवढ्यावर जो माणूस रोज संध्याकाळी दार उघडतो, त्याला ‘कमी भांडवलात मोठी झेप’ शिकवणाऱ्या वक्त्याचे मानधन विचारण्याचा उद्धटपणा आम्ही केला नाही.

आणि ग्रंथालयात उद्योजकच पाहायचा, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 मध्ये उभे करण्यात पुढाकार घेणारे ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे मिठाच्या धंद्यातले. धंदा मिठागरात, नाद पुस्तकांचा; ग्रंथालयाने आपल्याला व्यापार शिकवावा, अशी त्यांची मागणी ऐकिवात नाही.

तरीही सोहळा हवाच असेल, तर तो कपाटांची कुलपे काढण्याचा करावा. लेखाकर्म, कर्ज, शेतीमाल प्रक्रिया यांवरची पुस्तके आतच आहेत. धंदा मांडू पाहणारा पोरगा ती हातात घेऊन चाळेल तरी. पंखे सुरू ठेवता येतील. समईचे नंतर बघू.