आव्याने दिलेला रंग

उन्हाळ्याच्या तोंडावर माठ घेताना आपण तो बोटाने वाजवून पाहतो. खणखणीत नाद उमटला की माठ पक्का, बद्द आवाज आला की कच्चा, एवढी पारख घरातील वडीलधाऱ्या बायांनी आपणांस शिकविलेली असते. तेरच्या गोरोबाकाकांनी संतांच्या मस्तकावर थापटणे मारून हीच परीक्षा केल्याची कथा कोणास ठाऊक नाही? परंतु माठ वाजविणारे आपण तो डोळे भरून पाहतो काय? अंगावर काळा डाग दिसला की आपण तो बाजूला सारतो, नाही तर दोन पैसे कमी करावयास सांगतो.

जपानात याच डागाला मान आहे. तेथील बिझेनची भांडी झिलईचा लेप न देता, पाइनच्या लाकडांवर १० ते १४ दिवस अहोरात्र भाजतात. उष्णता १,२०० अंश सेल्सिअसपर्यंत चढते. ज्वाळेबरोबर उडालेली राख भांड्यावर बसून वितळते व काचेसारखी चकाकते. भाताचा पेंढा गुंडाळलेला असेल तेथे तांबड्या रेघा उमटतात. कुंभार घाट देतो, रंग मात्र अग्नी देतो. नित्य वापरातील अशा साध्या वस्तूंचे सौंदर्य लोकांस दाखविण्यासाठी यानागी सोएत्सु यांनी १९३६ मध्ये टोकियो येथे लोककलेचे संग्रहालय उघडले.

आपल्या कुंभाराचा आवा इतका तापत नाही. त्यात राख वितळत नाही. परंतु ज्वाळा लागली तेथे मडके लाल होते आणि धूर कोंडला तेथे काळे. म्हणजे तो डाग हा दोष नव्हे, अग्नी कोणत्या वाटेने गेला त्याची ती खूण होय. आच कमी असल्यामुळेच मातीत सूक्ष्म छिद्रे राहतात, त्यांतून पाणी पाझरून वाऱ्याने सुकते आणि आतले पाणी गार होते.

आदिलाबाद जिल्ह्यातील केसलापूर येथे पौष अमावास्येस नागोबाची जत्रा भरते. तिच्यासाठी लागणारी मडकी मेसराम कुळातील गोंड मंडळी सिरिकोंड्याच्या कुंभारांकडून घडवून घेतात, आणि कुळाच्या लेकी व जावई त्यांतून पाणी आणतात. हा परिपाठ पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. स्टील, प्लास्टिक व शीतकपाट यांनी गावोगावची चाके थांबविली असताना, या मडक्यांना मात्र दरवर्षी मागणी येते. कला टिकते ती अशी. केवळ कौतुकाने कुंभाराची चूल पेटत नाही. कोणी तरी त्याच्या दारी जाऊन ‘मडके हवे’ असे म्हणावे लागते.

वाचकहो, यंदा माठ घ्याल तेव्हा तो अवश्य वाजवून घ्या. पण काळ्या डागासाठी पैसे मात्र कापू नका.