पडद्यावरचं आणि तोंडचं

स्लाइड शो कंटाळवाणा का होतो? माझ्या मते, पडद्यावरचंच पुन्हा वाचून दाखवतात म्हणून. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली 'शांबरिक खरोलिका' सुरू केली. काचेवर रंगवलेली चित्रं कंदिलाच्या उजेडात पडद्यावर पडायची. गोष्ट मात्र तोंडी सांगितली जायची. लोक रमायचे.

आमच्या उरणात प्रकल्पाची माहिती द्यायला साहेब येतात, आमच्याकडे पाठ करून बारीक इंग्रजी ओळी वाचतात. ज्यांची जमीन जायची तेच जांभया देतात. 'काही प्रश्न?' विचारेपर्यंत अर्धी सभा उठलेली असते. मग ही शांतता संमती समजली जाते!

साहेब, नकाशा दाखवा, त्यावर आमचं गाव दाखवा, आणि आमच्याकडे तोंड करून बोला. प्रश्न आपोआप येतील.