आधी तिचं गाणं

ज्युडी गार्लंडचं नाव काढलं की बोलणं चटकन तिच्या शोकांतिकेकडे वळतं. झोपेच्या गोळ्या, पाच लग्नं, डोक्यावरचं कर्ज आणि जून १९६९ मध्ये लंडनच्या घरात वयाच्या ४७ व्या वर्षी आलेला मृत्यू. २०१९ च्या ‘ज्युडी’ या सिनेमात रेने झेल्वेगरने तिची भूमिका केली आणि ऑस्कर मिळवलं. तो सिनेमाही तिच्या अखेरच्या, थकलेल्या दिवसांवरच आहे. हे सगळं घडलं, आणि पोरवयापासून तिला फार वाईट वागवलं गेलं हेही खरं. पण या दुःखाच्या गोष्टीखाली एक विलक्षण कसबी कलावंत झाकली गेली, याचा मला मनापासून राग येतो. शब्द कुठे रेंगाळू द्यायचा, कुठे झटकन सोडायचा, आवाज कधी राखून ठेवायचा, हे ज्युडीला नेमकं ठाऊक होतं. तिच्या मोजक्या सिनेमांत आणि ध्वनिमुद्रणांत ते स्वच्छ ऐकू येतं. आज त्यांच्याबद्दलच लिहायचं आहे.

आपण पार्श्वगायनावर वाढलेली माणसं. चेहरा एकीचा, गळा दुसरीचा, आणि तरी दोन्ही मिळून एकच बाई गातेय हे आपण आनंदाने मान्य करतो. हॉलिवूडच्या संगीतिकांतही गाणं आधी मुद्रित व्हायचं आणि चित्रीकरणाच्या वेळी त्यावर ओठ हलवायचे. ज्युडी मात्र स्वतःच्याच आवाजावर अभिनय करायची. म्हणून तिला ऐकताना आपल्याकडच्या सुरैया किंवा नूरजहाँ आठवाव्यात. त्याही मागे जायचं तर संगीत रंगभूमीवरचे गायक नट. पद सुरू झालं म्हणून ज्यांची भूमिका थांबत नसे, त्यांच्या जातीची ही कलावंत.

तिचं खरं नाव फ्रान्सिस गम. जन्म १९२२ चा, मिनेसोटा राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स या छोट्या गावातला. आईवडील रंगमंचावर गाणारे, वडील सिनेमाचं थिएटरही चालवायचे. दोघी मोठ्या बहिणींबरोबर ती अगदी लहानपणापासून गात होती. १९३५ साली, तेराव्या वर्षी, एमजीएमने तिला करारावर घेतलं. स्टुडिओला तिचा आवाज हवा होता, पण चेहऱ्याचं काय करायचं ते कळत नव्हतं. दातांवर टोप्या, नाकाला आकार यावा म्हणून रबरी चकत्या, आणि वजन वाढू नये म्हणून सतत उपासमार. गोळ्याही या कारखान्यात दिल्या जायच्या.

‘द विझर्ड ऑफ ऑझ’ १९३९ मध्ये आला. चित्रीकरणाच्या वेळी ती सोळा वर्षांची होती. ‘ओव्हर द रेनबो’ हे गाणं आज इतकं ओळखीचं झालं आहे, की ते नव्याने ऐकायला थोडा प्रयत्न करावा लागतो. हॅरल्ड आर्लेनची चाल पहिल्याच शब्दात मध्य षड्जावरून थेट तार षड्जावर उडी घेते. गाण्याच्या अगदी तोंडालाच सबंध सप्तक ओलांडायचं! कमी तयारीची गायिका तिथे जोर लावते. ज्युडी लावत नाही. ती वरच्या स्वरावर अलगद पोहोचते आणि लगेच खाली उतरू लागते, जणू तिथे फार वेळ थांबायची आपल्याला परवानगी नाही. सिनेमातली कॅन्ससच्या शेतावरची, जिचं कुणीच ऐकून घेत नाही अशी डोरोथी त्या एका उडीत कळते. खासगी खेळानंतर हे गाणं गोष्ट रेंगाळवतं म्हणून काढून टाकलं होतं. सहनिर्माता आर्थर फ्रीड आणि इतरांनी आग्रह धरला म्हणून ते परत आलं आणि त्याला त्या वर्षीचं ऑस्कर मिळालं. ज्युडीच्या वाट्याला बालकलाकाराचं खास ऑस्कर आलं. आयुष्यात तिला मिळालेलं ऑस्कर तेवढंच.

मिकी रूनीबरोबरचे तिचे सिनेमे, पोरंपोरं जमून नाटक बसवतात त्या धर्तीचे, मी फारसे सुचवणार नाही. ‘बेब्स इन आर्म्स’ आणि ‘बेब्स ऑन ब्रॉडवे’ या दोन्हींत कृष्णवर्णीयांची नक्कल म्हणून तोंडाला काळं फासून केलेले प्रवेश आहेत, ते आज बघवत नाहीत आणि बघवू नयेतही. १९४३ चा ‘गर्ल क्रेझी’ तेवढा पाहावा, कारण त्यात गर्श्विन बंधूंची गाणी आहेत आणि ‘बट नॉट फॉर मी’ ती अगदी कमी आवाजात, बोलल्यासारखी गाते.

‘मीट मी इन सेंट लुईस’ (१९४४) ही माझ्या मते तिच्या कामाची सुरुवात करण्याची योग्य जागा. एकविसाव्या वर्षी पुन्हा शाळकरी वयाची मुलगी करायला ती तयार नव्हती. दिग्दर्शक व्हिन्सेंट मिनेली. पुढच्या वर्षी तिने त्याच्याशीच लग्न केलं; लायझा मिनेली त्यांची मुलगी. डॉरथी पोनेडेल या रंगभूषाकर्तीने नाकातल्या चकत्या आणि दातांवरच्या टोप्या फेकून दिल्या, आणि ज्युडी पडद्यावर पहिल्यांदा स्वतःच्या चेहऱ्याने सुंदर दिसली. गोष्ट साधी: १९०३ चं सेंट लुईस शहर, तिथे भरू घातलेलं जागतिक प्रदर्शन, चार बहिणी आणि एक भाऊ असलेलं घर, आणि वडिलांना न्यूयॉर्कला मिळालेली बदली. नाताळच्या आदल्या रात्री मोठी बहीण झालेली ज्युडी रडवेल्या धाकटीला खिडकीशी बसून ‘हॅव युअरसेल्फ अ मेरी लिटल ख्रिसमस’ म्हणून दाखवते. ह्यू मार्टिनने आधी लिहिलेले शब्द फार उदास होते. रडणाऱ्या लहान मुलीला हे ऐकवलं तर लोक मला राक्षसीण समजतील, असं ज्युडीचं म्हणणं पडलं आणि तिने ते बदलायला लावले. बरोबरच होतं तिचं. ती ओठांनी धीर देते आणि तिचा आवाज ते पुरतं मानत नाही. दूरवर युद्धात माणसं असलेल्या १९४४ च्या प्रेक्षकांना ते गाणं कसं लागलं असेल, याची कल्पना करता येते.

१९५० च्या ‘समर स्टॉक’मधलं ‘गेट हॅपी’ हे एकच गाणं वेगळं काढून पाहिलं तरी चालेल. बाकी सिनेमा पूर्ण झाल्यावर, मधे बराच काळ गेल्यावर ते चित्रित झालं, म्हणून त्यात ती एकदम सडपातळ दिसते. पुरुषी काळा कोट, तिरकी टोपी, लांब काळे पायमोजे. नाचात ती पुरुष नर्तकांच्या मधोमध इतक्या सहज हुकमतीने वावरते, की त्याच वर्षी स्टुडिओने तिचा करार संपवला यावर विश्वास बसत नाही.

आता ‘अ स्टार इज बॉर्न’. १९५४ चा जॉर्ज क्यूकरचा सिनेमा, सोबत जेम्स मेसन. दारूने बुडत चाललेला नट आणि त्याच वेळी वर चढत गेलेली त्याची बायको, अशी ही गोष्ट. रात्री उशिरा, क्लबातली गिऱ्हाइकं निघून गेल्यावर, वादक मंडळी स्वतःसाठी वाजवत बसलेली असतात आणि ज्युडीची एस्थर त्यांच्यात उभी राहून ‘द मॅन दॅट गॉट अवे’ गाते. आर्लेनची चाल, आयरा गर्श्विनचे शब्द. क्यूकरने हे गाणं वेगवेगळ्या वेषांत तीनदा चित्रित केलं आणि शेवटी जे ठेवलं ते जवळजवळ एका सलग शॉटमध्ये आहे. ज्युडी पियानोपाशी गुणगुणत सुरुवात करते. मग आवाज वाढतो, हात पुढे झेपावतात, ती वादकांमधून फिरते, कॅमेरा तिच्यामागे कसाबसा पोहोचतो. शेवटी पुन्हा ती खाली येते आणि हसते, मित्रांसमोर थोडं जास्त बोलून गेल्यावर माणूस हसतो तशी. प्रेक्षक म्हणून आपल्याला त्या क्षणी कळतं की ही मोठी कलावंत आहे, आणि कोपऱ्यात उभा राहून ऐकणाऱ्या मेसनच्या पात्रालाही तेच कळलेलं असतं. सगळा सिनेमा त्या एका गाण्यावर उभा आहे. हॉलिवूडच्या पडद्यावर अभिनय आणि गाणं इतकं एकजीव झालेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

प्रदर्शनानंतर वॉर्नर ब्रदर्सने हा तीन तासांचा सिनेमा जवळपास अर्ध्या तासाने कापला, थिएटरांना दिवसात जास्त खेळ बसवता यावेत म्हणून. दोन गाणी गेली, पात्रांची वाढ गेली. ऑस्कर त्या वर्षी ग्रेस केलीला मिळालं. आदल्याच दिवशी ज्युडी बाळंत झाली होती. ती जिंकली तर खाटेवरूनच बोलता यावं म्हणून दवाखान्याच्या खोलीत टीव्हीचे कॅमेरे लावले होते, ते आवरून माणसं निघून गेली. ग्रेस केलीबद्दल माझी तक्रार नाही. पण तो निर्णय चुकीचा होता.

न गाता ती काय करू शकते हे ‘जजमेंट ॲट न्युरेंबर्ग’मध्ये (१९६१) दिसतं. नाझी काळात एका वृद्ध ज्यूशी संबंध असल्याच्या आरोपाखाली भरडली गेलेली आयरीन हॉफमन, वर्षांनंतर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात. भूमिका लहान आहे, आणि गाण्यातली तिची सगळी शिस्त त्या तुटक वाक्यांत उतरली आहे.

आणि तबकड्या. गॉर्डन जेन्किन्सच्या वाद्यवृंदाबरोबरची ‘अलोन’ (१९५७) निवांत रात्री ऐकावी, ती एकटेपणाच्याच गाण्यांची आहे. पण मुख्य म्हणजे ‘ज्युडी ॲट कार्नेगी हॉल’. १९५९ च्या अखेरीस यकृताच्या आजाराने ती इस्पितळात होती आणि पुन्हा कधी काम करता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. २३ एप्रिल १९६१ च्या रात्री ती न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये उभी राहिली आणि दोन तबकड्या भरतील इतकी गायली. वाद्यवृंद मॉर्ट लिंडसीचा. ‘यू गो टू माय हेड’मध्ये ती शब्द विसरते, जागच्या जागी काहीबाही जुळवते, लय जराही चुकत नाही. ‘कम रेन ऑर कम शाइन’मध्ये तालवाद्यांवर स्वार होते. मधेच घामाबद्दल, केसांबद्दल गप्पा मारते. आणि शेवटाकडे ‘ओव्हर द रेनबो’ येतं, तेच सप्तक ओलांडणारं. ३८ व्या वर्षी ती ते सोळाव्या वर्षापेक्षा सावकाश गाते, श्वास ऐकू येतो, कंप जास्त आहे, आणि तार षड्जावर ती आता थांबते. ही तबकडी अमेरिकेत १३ आठवडे पहिल्या क्रमांकावर होती, आणि वर्षातल्या सर्वोत्कृष्ट आल्बमचं ग्रॅमी मिळवणारी ज्युडी ही पहिली स्त्री ठरली.

तेव्हा वाचकांना एक विनंती. ‘अ स्टार इज बॉर्न’ पाहायचा असेल तर १९८३ मध्ये पुन्हा जोडलेली, १७६ मिनिटांची आवृत्तीच शोधा. त्यात हरवलेल्या काही जागी फक्त स्थिरचित्रं आहेत, तरी तीच पाहा. आणि कार्नेगी हॉलची मैफल सुटी सुटी गाणी निवडून ऐकू नका. पहिल्या टाळीपासून शेवटच्या टाळीपर्यंत, ती ज्या क्रमाने गायली त्याच क्रमाने, एका बैठकीत ऐका.