कुत्र्याला पाण्यात ढकलू नका, त्याला उतरू द्या

उन्हाळा लागला की आमगाव परिसरातल्या तलावांवर आणि बोड्यांवर संध्याकाळी माणसे, म्हशी आणि मुले एकदमच उतरतात. आता त्यात घरी पाळलेल्या कुत्र्यांचीही भर पडली आहे. कुत्रा काठावर पाय रोवून उभा राहतो, पुढे यायला तयार नसतो. मग दोघे जण त्याला उचलतात आणि पाण्यात फेकतात. बघणारे म्हणतात, "पडला की आपोआप शिकतो."

माझे मत स्पष्ट आहे. असे फेकल्याने कुत्रा पोहायला शिकत नाही, तो पाण्याला घाबरायला शिकतो. मी माणसांचा डॉक्टर आहे, कुत्र्याच्या आजारासाठी तुम्ही पशुवैद्यकाकडेच जा. पण शरीरात भीती कशी बसते आणि गढूळ पाण्यातून कोणते आजार येतात, हे दोन्ही माझ्या कामाचे विषय आहेत.

भीती कशी बसते?

जीव धोक्यात आहे असे वाटले की शरीरात अ‍ॅड्रेनॅलिन वाढते. हृदय जोरात धडधडते, श्वास उथळ होतो, स्नायू ताठरतात. या अवस्थेत मेंदू नवीन कौशल्य नीट शिकत नाही. "ही जागा पुन्हा टाळायची" एवढे मात्र तो पक्के लक्षात ठेवतो.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण कुत्र्यांचेच आहे. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलोव्ह यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला मोठा पूर आला आणि त्यांच्या प्रयोगशाळेतले कुत्रे पिंजऱ्यांत अडकले. कर्मचाऱ्यांनी त्यांना पाण्यातून पोहवत बाहेर काढले. कुत्रे वाचले, पण त्यांच्यापैकी काहींनी आधी शिकलेल्या गोष्टी गमावल्या. एक कुत्रा हळूहळू सावरला होता. त्याच्या खोलीत दाराखालून पाण्याची नुसती धार सोडली, तर तो पुन्हा बिथरला. पोहून जीव वाचला, तरी पाण्याची भीती गेली नाही. उलट तिथूनच ती सुरू झाली.

"आम्हीही असेच शिकलो"

हे वाक्य तुम्हीही ऐकले असेल. पण ज्यांना विहिरीत ढकलले आणि जे शिकले, तेच हे सांगतात. जे त्या दिवसापासून पाण्याजवळ गेले नाहीत, ते या चर्चेत बोलायला येतच नाहीत. मुलाला निदान "मी आहे, घाबरू नको" असे सांगता येते. कुत्र्याला तेही कळत नाही. ज्या माणसावर त्याचा सर्वात जास्त विश्वास, त्यानेच आपल्याला फेकले, एवढेच त्याला कळते.

पाण्यात पडल्यावर बहुतेक कुत्रे पाय मारतात हे खरे आहे. पण पाय मारणे म्हणजे पोहणे नव्हे. नवखा कुत्रा फक्त पुढचे पाय आपटतो, मागचा भाग खाली जातो, तो उभा होतो आणि लवकर दमतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या, जड डोक्याच्या कुत्र्यांना तर पोहणे फारच अवघड जाते.

मग शिकवायचे कसे?

- आधी पाणी निवडा. काठ उताराचा, तळ कडक आणि पाणी संथ हवे. दगडी पाळीवरून खोल पाण्यात कधीही उतरवू नका.
- गळ्याऐवजी छातीवरून बांधायचा पट्टा आणि लांब दोरी वापरा. कुत्र्यासाठी लाइफ जॅकेट मिळाले तर उत्तम.
- तुम्ही आधी घोटाभर पाण्यात उभे राहा. तो स्वतःहून एक पाय भिजवेल, तेव्हा त्याला आवडता खाऊ द्या. पहिले काही दिवस एवढेच पुरे.
- पाणी न घाबरणारा, ओळखीचा दुसरा कुत्रा सोबत असेल तर काम सोपे होते.
- पोटाला पाणी लागले आणि तो निवांत दिसला, की पोटाखाली हात देऊन मागचा भाग वर धरा. काही पावले पोहवा आणि लगेच काठाकडे वळवा. बाहेर कुठून निघायचे, हा त्याचा पहिला धडा असावा.
- पाच मिनिटांत थांबा. त्याला अजून खेळायचे असतानाच थांबलात, तर उद्या तो स्वतः येईल.

शेपटी पोटाखाली गेली, कान मागे पडले, अंग थरथरू लागले, तो वारंवार ओठ चाटू लागला किंवा जागीच थिजला, तर त्याचा अर्थ "नको" असा आहे. एक पायरी मागे या. पाण्यात काठी फेकून पुन्हा पुन्हा आणायला लावू नका. त्यात खूप पाणी पोटात जाते आणि रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

आपल्या तलावांबद्दल

गोंदिया हा तलावांचा जिल्हा. पण प्रत्येक पाणी शिकवण्याजोगे नसते. शिंगाड्याच्या वेलींत आणि इतर पाणवनस्पतींत पाय अडकतात. कालव्याचे सिमेंटचे काठ निसरडे असतात, त्यावरून कुत्र्याला चढता येत नाही. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडले की बाघ नदी पाहता पाहता चढते. हिरवी साय आलेले पाणी विषारी असू शकते.

पावसाळ्यातल्या साचलेल्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. हे जंतू उंदीर, गुरे आणि कुत्रे यांच्या लघवीतून पाण्यात येतात आणि कातडीवरच्या छोट्या जखमेतूनही शरीरात शिरतात. कुत्र्यासाठी याची लस आहे, पशुवैद्यकाला विचारा. पाण्यात उतरल्यानंतर महिनाभरात तुम्हाला ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणे, लाल डोळे किंवा कावीळ झाली, तर डॉक्टरांना तलावाची गोष्ट आवर्जून सांगा. त्यावरून निदान लवकर होते.

बाहेर आल्यावर कुत्र्याला स्वच्छ पाण्याने धुवा, कान कोरडे करा, बोटांच्या बेचक्यांत जळू आणि गोचीड आहेत का ते बघा.

कुत्रा अडचणीत आला तर

त्याच्यामागे उडी मारू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. घाबरलेला कुत्रा वाचवणाऱ्याच्या अंगावर चढतो आणि दोघेही खाली जातात. काठावरून हाक मारत त्याला उताराच्या बाजूला बोलवा, दोरी ओढा, लांब बांबू वापरा. मुलांना तर हे आधीच बजावून ठेवा, आणि मोठे माणूस सोबत नसताना त्यांना कुत्र्यासह तलावावर पाठवू नका.

हे सगळे धीराने करूनही तुमच्या कुत्र्याला पाणी आवडले नाही, तर? तर सोडून द्या. त्याला उन्हातून गारवा हवा आहे, आणि तो सावली, पिण्याचे भरपूर पाणी आणि अंगणातल्या घमेल्यातही मिळतो. त्याने पोहलेच पाहिजे ही हौस आपली आहे, गरज त्याची नाही.