‘पुढे पाठवलं’ म्हणजे टाळलं नव्हे : परभणीच्या खेड्यांत निर्णय घेतं कोण?

जिंतूर असो, पाथरी असो की गंगाखेड, परभणी जिल्ह्यातल्या खेड्यात तब्येत बिघडली की सल्ला एकच मिळतो : उपकेंद्रात कुठे डॉक्टर असतो, सरळ परभणीला चला. हा समज आता जुना झाला आहे.

2018 पासून आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली. आता पाटीवर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असं नाव दिसतं. तिथं समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, बसतात. महाराष्ट्रात आयुर्वेद किंवा युनानीचे पदवीधर, तसंच बी.एस्सी. नर्सिंग झालेले उमेदवार सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन या पदावर येतात. आपल्या समाजातून बीयूएमएस करणाऱ्या मुलामुलींसाठीही ही वाट आहे.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा बीपी आणि शुगर तपासणं, तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी करणं, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी सुरू केलेली गोळी महिन्याच्या महिन्याला देणं, अशी त्यांची कामं. पण खरं अवघड काम कागदावर दिसत नाही. समोरच्या माणसाला इथेच औषध द्यायचं, ई-संजीवनीवरून डॉक्टरांना विचारायचं, की ताबडतोब पुढे पाठवायचं, हे त्यांना काही मिनिटांत ठरवावं लागतं.

समजा, साठीतली दादी आली. म्हणते, “घबराहट हो री, सीने में जलन है.” गॅसची गोळी दिली की ती खूश. पण तिला शुगर आहे. शुगरच्या रुग्णांना, आणि बायांना, हृदयविकाराचा झटका छातीत जोरात न दुखताही येऊ शकतो. अशा वेळी 108 बोलावून ईसीजीची सोय असलेल्या दवाखान्यात पाठवणं हाच शहाणपणाचा निर्णय. घरचे मात्र म्हणतात, “याला काही येत नाही, पुढे ढकललं.” गरोदर बाईचा बीपी 140/90 किंवा त्याहून वर गेला तरी तेच. तिला काही त्रास जाणवत नसला तरी डॉक्टरांनी बघायलाच हवं.

अर्थात सगळा दोष घरच्यांचा नाही. इंग्लंडमध्ये स्वतः निदान करून उपचार ठरवणाऱ्या प्रगत नर्स आणि इतर आरोग्य व्यावसायिकांसाठी 2017 साली आराखडा आला. त्यात पदव्युत्तर पातळीचं शिक्षण अपेक्षित धरलं आहे. आपल्याकडे सहा महिने, वर कंत्राटी नोकरी, आणि मोबदल्याचा एक भाग ठरवून दिलेल्या कामांच्या आकड्यांवर. आकडा मोजला की तपासण्या वाढतात. पण वेळेवर पुढे पाठवलेला एक रुग्ण वाचला, हे त्या आकड्यात कसं दिसणार? अडलं तर फोन उचलणारा डॉक्टर मागे असेल, तरच सीएचओचा निर्णय भक्कम होतो.

आपल्या हातातही काही गोष्टी आहेत. जाताना जुने कागद आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत न्या. हकीमसाहेबांचं किंवा खासगी दवाखान्याचं औषध लपवू नका. बाईला तिचा त्रास स्वतः सांगू द्या. पुढे पाठवलं तर चिठ्ठी मागा, आणि परत आल्यावर ती सीएचओंना दाखवा. शुगरच्या रुग्णांनी रमजानच्या दीड-दोन महिने आधीच रोजांबद्दल विचारावं, कारण गोळी किंवा इन्सुलिनची वेळ आणि मात्रा डॉक्टरांनाच बदलावी लागते. रोजात शुगर 70 च्या खाली गेली तर रोजा सोडावा, असं तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आजारी माणसाला सवलत तर सूरह बकरातच दिली आहे.

आणखी एक. प्रत्येक केंद्राला जन आरोग्य समिती असते. उपकेंद्राच्या समितीचे अध्यक्ष सरपंच असतात आणि सचिवाचं काम सीएचओ बघतात. पुढच्या बैठकीत आपल्या मोहल्ल्यातल्या कुणीतरी एवढंच विचारावं : या महिन्यात किती जणांना पुढे पाठवलं, त्यातले किती खरंच पोहोचले, आणि त्यांचं पुढे काय झालं?